तळाला गेलेले दगड

गेल्या ऑक्टोबरपासून यंदाच्या फेब्रुवारीपर्यंत माझ्या वहीत जवळपास एकच आकडा पुन्हापुन्हा लिहिलेला आहे. १३ मिनिटं ४० सेकंद. मग १३-३०. मग १३-३५. पुन्हा १३-३०. अंतर चारशे मीटर, म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात सोळा फेऱ्या, फ्रीस्टाइलनं, मध्ये न थांबता. आठवड्यातले चार दिवस सकाळी साडेसहाला, बायकांसाठी राखलेल्या वेळात, मी तंजावरच्या एका तलावात उतरत होते आणि पाच महिने भिंतीवरचं घड्याळ मला तेच सांगत होतं.

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. मला कुठल्या स्पर्धेत उतरायचं नाही. रक्तातली साखर काठावर आली होती, गुडघे चालायला साथ देईनात, म्हणून डॉक्टरांनी पाणी सुचवलं. इतकं साधं कारण. पण पाण्यात चार हात मारता आले की पाचवा हवासा वाटतो, आणि तो येत नाही तेव्हा मनाला जे लागतं, ते खोटं नसतं. 'छंदच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं' असं म्हणणाऱ्यांना मला सांगायचं आहे की मनावर घेतल्याशिवाय या वयात कोणी पहाटे उठून ओल्या कपड्यांची पिशवी वागवत नाही. त्या पाच महिन्यांत नेमकं काय चाललं होतं, ते समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं, विचारावं लागलं, आणि शेवटी एका धरणावर जावं लागलं.

मी मूळची सांगलीच्या गावभागातली. घरापासून कृष्णा पाच मिनिटांवर. भाऊ आणि चुलतभाऊ मे महिन्याच्या सुट्टीत पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून घाटावरून नदीत उड्या मारत; आठ-पंधरा दिवसांत सांगड सुटे आणि पोर नदीचं होऊन जाई. मला सांगड मिळाली नाही. कोणी 'नको' म्हटलं नव्हतं. मुलींनी मागायची रीतच नव्हती. आम्ही कार्तिकात द्रोणातले दिवे पाण्यावर सोडायचो आणि पायरीवर उभं राहून ते लांब जाताना बघायचो. नदीशी माझं नातं एवढंच, पायरीपर्यंतचं. बाकी नदी आमच्या घरात आकड्यांनी यायची. पावसाळा लागला की सगळी सांगली एकमेकांना विचारते, 'आयर्विनला किती फूट?' १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ साली ते ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ज्या बायकांना पोहता येत नव्हतं त्या माळ्यावर बसून होड्यांची वाट बघत होत्या. त्यांत माझी आई होती.

तंजावरला आले ती मोडीच्या कामासाठी. एकोजी भोसल्यांच्या वंशानं इथे १८५५ पर्यंत राज्य केलं, आणि दुसऱ्या सरफोजींनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या राज्याची मराठी कागदपत्रं आहेत, मोडीत. रुमालात बांधलेले कागद वाचायचे, त्यांच्या याद्या करायच्या. पहिल्याच आठवड्यात रिक्षावाला म्हणाला, 'इर्विन पालम वळिया पोलामा?' इर्विन पुलावरून जाऊ या का? मी त्याला तोच शब्द दोनदा म्हणायला लावला. इथेही एक आयर्विन पूल आहे. खाली नदी नाही, कालवा आहे: कावेरीवरच्या कल्लणै बांधाहून निघालेला, मेट्टूर धरणाबरोबर १९३४ साली झालेला कालवा. गावातले लोक त्याला 'पुदु आरु', नवी नदी, म्हणतात. त्या संध्याकाळी पाणी भरून चाललं होतं आणि पोरं कठड्यावरून खाली उड्या टाकत होती. कालव्यातली ओढ जबर असते, दरवर्षी कोणाचा ना कोणाचा जीव जातो, आणि तरीही मी तिथे अर्धा तास उभी राहिले. सांगलीत उभी राहायचे तशीच. फरक एवढाच की आता मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि माझ्या पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी होती.

दुसऱ्या दिवशी तलावावर नाव घातलं.

शिकवणारी मुलगी पंचविशीची. मला अक्का म्हणते. तमिळमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण आणि आमच्याकडेही तेच, त्यामुळे परक्या गावातली पहिली हाक मला भाषांतराशिवाय समजली. तिनं पहिले दोन आठवडे मला हात मारू दिले नाहीत. नळीला धरून तोंड पाण्यात, आणि एकच आज्ञा: 'मूच्चै विडुंग, अक्का.' श्वास सोडा. मला वाटायचं, बाईला घ्यायचा श्वास शिकवायला हवा, ही सोडायचा काय शिकवते? पण सगळी मेख तिथेच आहे. मोठ्या माणसाचं डोकं पाण्याखाली गेलं की ते श्वास कोंडून धरतं. भीतीचा तो जुना, शहाणा बचाव आहे. कोंडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि जीव गुदमरतो तो मुख्यतः त्या साचण्यानं. प्राणवायू संपायला अजून पुष्कळ अवकाश असतो. मग डोकं वर काढल्यावर, जेमतेम अर्धा सेकंद मिळतो त्यात, आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, ही दोन्ही कामं उरकायला जावं तर दोन्ही फसतात. पाण्यात बुडबुडे काढत काढत सोडून टाकला, तर तोंड वळवताच आत येणारी हवा आपोआप येते. सांगायला तीन ओळी. मला बसायला सात आठवडे लागले.

त्या सात आठवड्यांनंतर पंचवीस मीटर पहिल्यांदा एका दमात झाले. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा मी रडले, आणि कोणाला कळलं नाही, कारण चेहरा ओलाच होता.

त्यानंतरचे सात-आठ महिने वही वाचायला फार गोड आहे. दर आठवड्याला काहीतरी नवं. पन्नास मीटर, शंभर, दोनशे. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चारशे, अठरा मिनिटांत. मग सतरा, सोळा, पंधरा. हे इतक्या झपाट्यानं होतं त्याचं कारण आहे. सुरुवातीला आपण जी ताकद खर्च करतो तिच्यातली बहुतेक पाण्याशी भांडण्यात जाते. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. त्यात माणसाचं शरीर अडनिड: फुफ्फुसं छातीत, म्हणून छाती वर तरंगते आणि पाय खाली बुडतात. पाय बुडले की आपण आडवं न पोहता तिरकं पोहतो, आणि नदीत उभी फळी धरून ओढावी तसं पाणी अंगावर घेतो. डोकं खाली गेलं, कंबर वर आली, की तेवढ्यानंच मिनिटं गळून पडतात. यात स्नायू नवे आलेले नसतात. मेंदूनं जुन्याच स्नायूंना नव्या रांगेत उभं केलेलं असतं. हे शिकणं पुष्कळसं झोपेत पक्कं होतं, आणि म्हणूनच सोमवारी जमत नाही ते बुधवारी एकदम जमतं.

मग साडेतेरा मिनिटं आली आणि सगळं थांबलं.

थांबल्यावर माणूस जे करतं ते मी केलं. जोर लावला. साडेसहाच्या जागी सहाला जायला लागले, चाराचे पाच दिवस केले, प्रत्येक फेरीत दात आवळून हात मारू लागले. शिकवणारी काठावरून म्हणायची, 'मेदुवा, अक्का, मेदुवा.' सावकाश. मला ते समजुतीचं बोलणं वाटायचं, वयाकडे बघून केलेलं. ते तसं नव्हतं. तो निव्वळ हिशेब होता, पण तो मला पुढे कळला. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला लागणारी ताकद साधारण घनानं. साडेतेरा मिनिटांचं अंतर सव्वाबारा मिनिटांत कापायचं म्हणजे वेग एक दशांशच वाढवायचा. पण शरीराची ठेवण तीच असेल तर त्या एक दशांशासाठी एक तृतीयांश जास्त ताकद लागते. धावणाऱ्याला, सायकलवाल्यालाही हवा अडवते. पण पाण्याइतकी कडक सावकारी कोणी करत नाही. शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या बाईनं पाच महिन्यांत एक तृतीयांश ताकद आणायची कुठून? ती खांद्यातून आणायला गेले, आणि फेब्रुवारीच्या शेवटी उजवा खांदा बोलू लागला. आधी पोहताना, मग केस विंचरताना, मग झोपेत कूस बदलताना.

डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पाण्यात जायचं नाही.

त्या तीन आठवड्यांत मी सरस्वती महालात बसून डाव्या हातानं कागद उलटत होते आणि मनात एकच भीती होती: सगळं जाणार. जे इतक्या कष्टानं मिळवलं ते वितळून जाणार. म्हणून वाचायला घेतलं. अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. चांगल्या तयारीच्या सात जणांना त्यांनी ८४ दिवस सराव बंद ठेवायला लावला. दमाची क्षमता, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते माप, पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घसरली. आठ आठवड्यांत घसरण १६ टक्क्यांपर्यंत गेली. आणि मग थांबली. पुढे सराव नसतानाही खाली गेली नाही. वर्षानुवर्षांच्या सरावानं स्नायूंत जे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं गेलं होतं ते जवळजवळ शाबूत राहिलं. ते धावपटू-सायकलपटू होते, माझ्यासारखी दीड वर्षाची शिकाऊ बाई त्यांच्यात नव्हती. माझं जाळं तेवढं जुनं नव्हतं. तरीही तीन आठवडे आणि ७ टक्के हे दोन आकडे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले, आणि त्या रात्री नीट झोपले.

दुसरा अभ्यास मनाला जास्त लागला. १९९०च्या दशकात हेरिटेज फॅमिली स्टडी नावाचं मोठं काम उत्तर अमेरिकेत झालं. क्लोद बुशार त्याचे प्रमुख. ज्यांना व्यायामाची सवय नाही अशा माणसांना, कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन, २० आठवडे ठरावीक मापानं सायकल चालवायला लावली. युरोपीय वंशाच्या ४८१ जणांचे निकाल १९९९ साली आले. सरासरीनं दर मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली होती. पण सरासरी सोडा. कोणाची एक लिटरहून जास्त वाढली, आणि कोणाची जवळजवळ काहीच नाही. व्यायाम तोच, आठवडे तेच, देखरेख तीच. आणि एकाच घरातली माणसं एकमेकांसारखी वागत होती: घराघराप्रमाणे वाढ कमी-जास्त.

हे वाचून मला आमच्या वेळेतली एक बँकेतली मुलगी आठवली. माझ्यानंतर चार महिन्यांनी आली आणि डिसेंबरात माझ्या पुढे निघून गेली. मी तिच्याशी बोलायचे हसून. पण तिच्या शेजारच्या रांगेत उतरणं टाळायचे. ती जास्त कष्ट करत असेल, किंवा मी कुठेतरी आळस करत असेन, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबात दोन आया, दोन बाप, आठ आज्या-आजोबा धरलेलेच नव्हते. याचा अर्थ असा नव्हे की ज्याची क्षमता कमी वाढते त्याचा व्यायाम फुकट जातो. रक्तदाब, साखर, झोप, गुडघा, या सगळ्यांची वही वेगळी असते आणि घड्याळ ती वाचत नाही. माझी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी मार्चमध्ये झाली तेव्हा आकडा काठावरून खाली आला होता. पण घड्याळावर नजर लावून बसलेल्या बाईला ते दिसायला खांदा दुखावा लागला.

कल्लणैला गेले ती याच सुट्टीत.

आमच्या वेळेत एक बासष्ट-त्रेसष्टच्या बाई येतात. पोहत नाहीत, छातीभर पाण्यात चालतात, गुडघ्यासाठी. जुन्या तंजावरी मराठी घरातल्या. घरात मराठी, लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. मी त्यांना मावशी म्हणते. खांद्यामुळे मी येत नाही हे पाहून त्या एके रविवारी गाडी घेऊन दारात आल्या: चल, तुला जागा दाखवते. तंजावरहून कल्लणै ४५-५० किलोमीटर. वाटेत दोन्ही बाजूंना भाताची कापलेली रानं, मधूनच हिरवी उडदाची, आणि दर दोन-चार मैलांवर एखादा पाट. कावेरीचा हा सगळा त्रिभुज प्रदेश गाळाचा आहे. नदीनं आणून टाकलेला, थरावर थर.

कल्लणै म्हणजे दगडाचा बांध. चोळ राजा करिकालानं बांधला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, असं मानतात. जवळच हत्तीवर बसलेल्या करिकालाचा पुतळा आहे. मूळ बांध ३२९ मीटर लांब, २० मीटर रुंद, आणि उंची जेमतेम साडेपाच मीटर. बघायला गेलं तर काही भव्य नाही. आपल्या कोयनेच्या भिंतीपुढे तो ओट्यासारखा वाटेल. पण खाली काय आहे? वाळू. नदीच्या पात्रातली, खोलीचा थांग नसलेली वाळू. तिथे खडक नाही ज्यावर पाया बसावा. तर मग दोन हजार वर्षं हा बांध उभा कशावर आहे?

एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर आर्थर कॉटन इथे आला तेव्हा त्याला हाच प्रश्न पडला. १८३०च्या दशकात त्यानं या बांधाची दुरुस्ती केली, वरच्या बाजूला नवा बांध घातला, आणि पुढे गोदावरीवरचं धवळेश्वरमचं मोठं काम उभं केलं. या सगळ्याची किल्ली आपल्याला कल्लणैनं दिली, हे त्यानं मोकळेपणानं लिहून ठेवलं. ती किल्ली अशी. प्राचीन बांधणाऱ्यांनी मोठमोठे ओबडधोबड दगड आणून नदीत टाकले. ते वाळूत बुडाले. त्यांच्यावर आणखी टाकले. तेही बुडाले. पाणी दगडाखालची वाळू काढत राही आणि दगड खाली जात राही, आणि हे टाकत राहिले. शेवटी एक वेळ अशी आली की खालचा दगड आणखी खाली जाईना. मग वर मातीत दगड बसवून बांध रचला.

मावशी मोबाइलवर फोटो काढत होत्या. मी कठड्याला टेकून खाली बघत होते. मार्च, त्यामुळे पाणी थोडं. जो दगड दिसतो त्यावर आपण उभे आहोत असं वाटतं. पण तो उभा आहे तो न दिसणाऱ्यांवर. काठावर बसलेल्या एखाद्या शेतकऱ्याला त्या पहिल्या वर्षी काय दिसलं असेल? माणसं येतात, दगड टाकतात, दगड जातो. दुसऱ्या दिवशी तेच. नदी तशीच वाहते.

माझ्या साडेतेरा मिनिटांबद्दल मला पहिल्यांदा तिथे नीट विचार करता आला. नियमित व्यायाम सुरू केला की शरीरात गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. रक्तातला पातळ भाग आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त लोटायला लागतं; हे लवकर होतं, लवकर जाणवतं. स्नायूंच्या पेशीत ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढायला आठवडे, महिने. स्नायूंभोवती नव्या केशवाहिन्या फुटायला आणखी. आणि स्नायू हाडाला बांधणारे स्नायुबंध सगळ्यांत मागे. त्यांच्यात रक्त कमी, त्यामुळे त्यांची चाल मंद. वय वाढेल तशी ती आणखी मंद. माझा दम पुढे गेला होता, खांद्याची दोरी मागे राहिली होती, आणि मी दमाच्या भरवशावर दोरीला ओढत होते. ते पाच महिने काहीच झालं नाही, हे खोटं होतं. वही नीट वाचली असती तर दिसलं असतं. मी वेळेबरोबर दोन गोष्टी सवयीनं लिहून ठेवत असे, पण बघत नसे: एका फेरीला किती हात, आणि चारशे संपल्यावर नाडी किती. ऑक्टोबरात पंचवीस मीटरला ३१ हात लागत होते, जानेवारीत २६. नाडी १६० च्या आसपास असायची, ती १४४ वर आली होती. म्हणजे तेच अंतर, त्याच वेळात, मी कितीतरी स्वस्तात पोहत होते. घड्याळ माझ्या समोर होतं म्हणून मी ते वाचलं. नाडी मनगटाच्या आत होती.

आमच्या सांगली जिल्ह्यात या गोष्टीचं एक जिवंत उदाहरण आहे, आणि मला ते शाळेत कोणी सांगितलं नाही. मुरलीकांत पेटकर, वाळवा तालुक्यातल्या पेठ गावचे. सैन्यात मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्याशी राहिली, कमरेखालचं अंग गेलं. पोहणं त्यांच्याकडे आलं ते उपचार म्हणून, व्यायामाचा एक प्रकार म्हणून. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते गेले ते टेबल टेनिस खेळायला. १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. त्यांच्याशी माझी तुलना करायचा प्रश्नच नाही. पण मी जेव्हा जेव्हा ते ३७.३३ सेकंद वाचते, तेव्हा त्यांच्या मागे १९६५ ते १९७२ अशी सात वर्षं मोजते. पाण्यातली कोणती सकाळ कुठे उपयोगी पडली हे त्या सात वर्षांतल्या कुठल्याही सकाळी सांगता आलं नसतं.

आणि जपानमध्ये मिएको नागाओका नावाच्या बाई होत्या. ऐंशीच्या घरात असताना गुडघ्यासाठी पाण्यात उतरल्या, आमच्या मावशींसारख्याच. २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी पंधराशे मीटर पूर्ण अंतर स्पर्धेत पोहून दाखवलं: एक तास पंधरा मिनिटं चोपन्न सेकंद. शंभरीतल्या माणसानं तसं करण्याची ती जगातली पहिलीच वेळ. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, 'म्हणजे मला अजून अडतीस वर्षं आहेत होय?' आणि पुढच्या मंगळवारी शिकवणाऱ्या मुलीकडे जाऊन नळी धरायला शिकवा म्हणाल्या.

मार्चच्या शेवटी मी परत उतरले. पहिल्या दिवशी शंभर मीटर, हळू. खांद्यासाठी रबरी पट्ट्यांचे व्यायाम रोज दहा मिनिटं, कंटाळवाणे, न चुकता. आठवड्याला तीनच दिवस. घड्याळाकडे महिनाभर पाठ केली. मुलीला सांगून ठेवलं की मला वेळ सांगायची नाही. फक्त हात मोजायचे. भिंतीला पायानं ढकलल्यावर अंग लांब करून तसंच सरकत राहायचं, वेग मरायच्या आत पहिला हात. मोडीत लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. सरकताना मला तीच रेघ आठवते. रेघ सरळ पडली तर अक्षरं कितीही घाईची असोत, ओळ वाचता येते. मोडी वाचायला शिकत होते तेव्हाही असाच एक काळ आला होता. रोज दहा ओळी, त्यांतल्या चार अडलेल्या, शब्द सुटे नाहीत, सगळं एकात एक गुंतलेलं. आणि एका दुपारी पान उलटलं तेव्हा लक्षात आलं की मागचं पान मी अक्षरं न लावता वाचलं होतं, अक्षरं कुठली ते न बघता मजकूर काय ते बघत. तो दिवस कोणता ते मी लिहून ठेवलेलं नाही. मागच्या पानावर असताना ते कळलंच नव्हतं.

जून गेला. १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडायची इथली पद्धत. धरणात पाणी असेल तर उघडतात, नसेल तर सगळा मुलूख आभाळाकडे आणि वर्तमानपत्राकडे बघत थांबतो. २०२४ साली जुलै संपता संपता पाणी सोडलं होतं. यंदा वेळेवर सुटलं. मेट्टूरहून कल्लणैला यायला त्याला तीन-चार दिवस लागतात, तिथून ते कावेरी, वेण्णार आणि पुदु आरूत वाटलं जातं. आमच्या गावातल्या कालव्यात पहिलं पाणी येतं ते गढूळ, फेसाळ, पाचोळा पुढे ढकलत. लोक पुलावर थांबून बघतात.

मग तमिळ आडी महिना. आडीच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, नदीला नवं पाणी आलं म्हणून सण करतात. मावशी मला तिरुवैयारूला घेऊन गेल्या, कावेरीच्या घाटावर. बायका हळदीचे दोरे बांधत होत्या, घरात रुजवलेले धान्याचे कोंब पाण्यात सोडत होत्या, डब्यांत चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात. मी पायऱ्या उतरले. सांगलीच्या घाटावर जिथे थांबायचे त्याच्या पुढच्या पायरीवर, मग आणखी पुढच्या. पाणी कमरेला आलं. ओढ होती, म्हणून तिथेच उभी राहिले, साखळी धरून. मान खाली घालून तोंड पाण्यात बुडवलं आणि श्वास सोडला. बुडबुडे निघाले आणि लगेच वाहून गेले.

त्या रात्री आईचा फोन आला. कृष्णेला पाणी चढत होतं, कोयनेतून विसर्ग सुरू झाला होता. बत्तीस फूट, म्हणाली, रात्रीत तीन फूट वाढलं. मग नेहमीसारखं, 'तुझं पोहणं काय म्हणतंय?'

मी सांगितलं, आज सकाळी मुलीनं न विचारता वेळ सांगितली. बारा मिनिटं पन्नास.

'म्हणजे चांगलं का?'

'चाळीस सेकंद कमी, आई.'

'किती दिवसांत?'

'दहा महिन्यांत.'

ती थोडा वेळ गप्प होती. मागे पावसाचा आवाज येत होता. मग म्हणाली, 'तिकडच्या आयर्विनला किती फूट आहे गं?'

मी तिला सांगितलं की इथल्या पुलाला फुटांची पट्टी नाही, पण उद्या सकाळी तलावावर जाताना थांबून बघते.